काच हातात असताना

धाकट्याने हातमोजे चढवले, काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून कुठे टवका उडालाय का ते पाहिलं, आणि थोरल्याकडे न बघता विचारलं,

“उलटं कोण चालणार?”

“मी.”

“खांदा दुखतो ना तुमचा?”

“उलटं चालायला खांदा लागत नाही. विश्वास लागतो,” थोरला म्हणाला आणि काचेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

धाकट्याच्या मोज्यांतल्या मुठी वळल्या. विश्वास हा शब्द या माणसाने उच्चारावा! पण दुकानाच्या दारात भाची, म्हणजे थोरल्याची लेक, उभी होती, केसांना फडकं बांधून, हातात झाडू घेऊन, आणि सकाळपासून चौथ्यांदा रडायच्या बेतात. तिच्या सलूनचा आज पहिला दिवस. संध्याकाळी लोक यायचे होते. दर्शनी काच पोचवणारी गाडी सकाळीच आली, फुटपाथवरच्या लाकडी घोडीवर काच टेकवली आणि निघाली. आमचं काम पोचवायचं, गाडीवाला म्हणाला, बसवणारी माणसं परवा येतील. परवा! भाचीने आधी बापाला बोलावलं, मग मावशीच्या नवऱ्याला फोन केला. “काका, तुम्ही दोघं मिळून एकदाच. माझ्यासाठी.” दोघांना एकमेकांबद्दल सांगायचं मात्र ती सोयीस्कर विसरली होती. पोरगी धंद्यात नाव काढणार.

थोरला आणि धाकटा हे साडू. हे नातं तसं फार थोड्या भांडवलावर चालतं. रक्त नाही, निवड नाही. दोघांची सासुरवाडी एक, एवढीच काय ती पुंजी. बहुतेक साडू आयुष्यभर एकमेकांचे बूट, गाड्या आणि पोरांचे मार्क चोरून बघत काढतात आणि गोडीगुलाबीने मरतात. या दोघांचं तसं नव्हतं. थोरल्याने धाकट्याला काचकाम शिकवलं होतं. काच कापायचा हिरा कसा धरायचा, कापताना श्वास कुठे रोखायचा, मोठी काच दोघांनी कशी न्यायची, सगळं. धाकटा त्याला ‘भाऊ’ म्हणायचा. बायका गमतीने म्हणत, आमची लग्नं झाली ती या दोघांची गाठ पडावी म्हणून.

पुढे धाकटा त्याला काहीच म्हणेनासा झाला. घरच्या जेवणांत मीठ पुढे सरकवण्यापुरतं ‘तुम्ही’ उरलं, आणि त्या ‘तुम्ही’त मान किती आणि थुंकी किती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“धरलं?” थोरल्याने विचारलं.

“धरलं.”

“उचल.”

काच उचलली गेली. उभ्या माणसाएवढी उंच, खाटेपेक्षा लांब. चौकटीत काच आतून बसवायची होती, म्हणून दारातून एक पायरी चढून, आत वळून न्यायची. असं असलं की पुढचा माणूस उलटा चालतो. त्याला डोळे नसतात. मागचा माणूस त्याचे डोळे. मागच्याने ‘पायरी’ म्हटलं की पायरी, ‘थांब’ म्हटलं की थांब. आणि दुसरा नियम पहिल्याहून मोठा: सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. ‘सोडतो’ म्हणायचं, समोरून ‘सोड’ ऐकायचं, मगच बोटं काढायची. काचकामात माणूस दारू पितो, उसने बुडवतो, बायकोशी भांडून कामावर येतो, सगळं चालतं. न सांगता सोडणाऱ्याबरोबर मात्र पुन्हा कोणी काच उचलत नाही.

“डावीकडे घ्या,” धाकटा म्हणाला. “खांब आहे.”

शेजारच्या औषधाच्या दुकानातला गल्ल्यावरून उठून बाहेर आला. फुकटात करमणूक असली की या माणसाला गिऱ्हाईक दिसत नसे.

“काय तबकडीशेठ!” तो ओरडला. “आज वर बघू नका हं. आभाळ साफ आहे, मी बघून ठेवलंय!”

दोन-तीन जण हसले. भाचीने झाडू उगारून त्याला गप्प राहायची खूण केली.

तबकडी. एवढ्या वर्षांत धाकट्याचं खरं नाव बहुधा फक्त वीजबिलावर उरलं होतं. राग तर होताच. त्यात आणखी एक बारीक, रोजचा राग होता. ती उडती तबकडी नव्हतीच! हे तो पहिल्या दिवसापासून सांगत आला होता आणि पहिल्या दिवसापासून कोणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी ते दोघं पोहण्याच्या नव्या, उघड्या तलावाच्या इमारतीला काच बसवत होते. भर दुपार. तलाव अजून कोरडा, निळ्या फरशीचा नुसता खड्डा. कडेच्या उतरणीवरून काच खाली न्यायची होती. थोरला खाली, उलटा. धाकटा वर, त्याचे डोळे. रस्त्यावर काँक्रीटचं यंत्र खडखडत होतं. ते एकाएकी गप्प झालं. म्हणजे फिरत होतं, धाकट्याला दिसत होतं, पण आवाज नव्हता. आणि थोरल्याच्या डोक्यामागे, कोरड्या तलावावर, घराच्या छपराएवढ्या उंचीवर ते होतं. ओल्या पाटीसारखं करडं. दिवे नाहीत, खिडक्या नाहीत. लहान म्हणावं तर तलाव झाकत होतं, मोठं म्हणावं तर दोन खांबांच्या मध्ये मावत होतं. धाकटा काचवाला, कुठलीही वस्तू दिसली की त्याची नजर आधी कडेकडे जाते. या वस्तूला कड नव्हती. ती कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे सांगता येत नव्हतं. तबकडीला कड असते, मूर्खांनो!

नीट दिसावं म्हणून त्याने कपाळाशी हात नेले. दोन्ही हात. त्याच क्षणी त्याने पाहिलं की थोरला मागे वळलाय, पुरता वळलाय, आणि त्याचेही दोन्ही हात मोकळे लोंबतायत.

काच त्यांच्या मध्ये होती. उतरणीवर, जमिनीपासून वीतभर वर, सरळ. तिला कोणी धरलेलं नव्हतं.

मग थोरल्याने एक गोष्ट केली. तो वर बघायचं सोडून खाली वाकला, मोजा काढला, आणि उघडा तळवा काचेखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कारागीर माणूस. आभाळात काय आहे हा त्याचा प्रश्न नव्हता. काच कशावर उभी आहे हा होता. तळवा पलीकडे निघाला. तो उठला, पुन्हा मोजा घातला, आणि कोरड्या आवाजात म्हणाला, “धर.”

त्यांनी धरलं. यंत्राचा आवाज परत आला. तलावावर नुसतं ऊन होतं. त्यांनी ती काच बसवली. ओरखडासुद्धा नव्हता.

धाकट्याने हे लोकांना सांगितलं. वय लहान, पोटात काही राहत नसे. पण सगळं नाही सांगितलं. वरचं सांगितलं, काचेचं गाळलं. त्याने मनात हिशेब केला होता: आभाळात काही आलं तर तो कोणाचा गुन्हा नाही; पण काच सोडली म्हटलं की दोघांचाही धंदा बुडाला. त्यातून थोरल्याला मुकादम करायचं घाटत होतं. म्हणून वर्तमानपत्रवाल्याने जेव्हा विचारलं, “तेव्हा काच कुठे होती?” तेव्हा तो छाती काढून म्हणाला, “हातात. कुठे असणार?”

वर्तमानपत्रवाला मग थोरल्याकडे गेला.

“माझी पाठ होती,” थोरला म्हणाला. “मी काही पाहिलं नाही.”

“वळून नाही पाहिलंत?”

“काच हातात असताना कोणी वळतं का?”

झालं. सगळ्या काचवाल्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे; काच हातात असताना वळता येत नाही, आणि काच हातात होती हे तर धाकटाच सांगतोय. ज्या खोट्याने त्याने साडूला वाचवलं, त्याच खोट्यावर साडू ऐटीत उभा राहिला आणि याला खड्ड्यात लोटून मोकळा झाला. थोरला मुकादम झाला. धाकट्याबरोबर काच उचलायला कोणी तयार होईना. जो आभाळाकडे बघतो त्याच्या हाती आपली बोटं कोण देणार? तेव्हापासून तो एका खोलीत तसबिरींना काचा बसवायचा. एकट्याने उचलता येतील एवढ्याच.

आणि एक सवय जडली, तिचं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. वस्तू खाली ठेवली तरी हात सुटत नसे. पेला टेबलावर ठेवला की बोटं तशीच पेल्याभोवती. सोडला आणि तो तिथेच राहिला, तर तो टेबलामुळे राहिला की उगाचच, हे कसं कळणार? बायको आधी हसायची, मग चिडायची, आता नुसतं म्हणायची, “सोडा की. टेबल आहे खाली.”

“पायरी आली?” सलूनच्या दारापाशी पोचल्यावर थोरल्याने विचारलं.

धाकटा थांबला. काच थांबली. थोरल्याचा एक पाय मागे, अधांतरी, पायरी चाचपत होता आणि पायरी त्याला सापडत नव्हती.

“पायरी कुठे आहे?”

“तुम्ही वळला होतात,” धाकटा म्हणाला.

“काय?”

“त्या दिवशी. तुम्ही वळला होतात.”

“पोर बघते आहे. चल.”

“बघू दे. तिलाही कळू दे बाप कसा आहे.”

“पायरी कुठे आहे ते सांग.”

“मी कसं सांगणार?” धाकट्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता, खरवडल्यासारखा. “मी तर नसलेलं बघणारा माणूस. मला पायरी दिसतेय, पण असेलच कशावरून? तुम्हीच वळून बघा.”

“काच हातात आहे.”

“अरे हो. काच हातात असताना कोणी वळतं का?”

थोरल्याचा उजवा खांदा थरथरू लागला. तो थरकाप काचेतून धाकट्याच्या बोटांपर्यंत पोचला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. इतकी वर्षं हा माणूस मुकादमाच्या खुर्चीत बसून चहा पीत होता, मेजवान्यांत मधल्या जागी बसत होता, आणि कोणी तबकडीची थट्टा काढली की जेवणात डोकं घालत होता. जाऊ दे ना खांदा. तुटू दे. एवढ्या वर्षांच्या मानाने हे काहीच नाही.

औषधवाला पुन्हा काहीतरी बोलला. या वेळी कोणी हसलं नाही.

काचेतून धाकट्याला भाची दिसली. तिने झाडू टाकला होता आणि दोन्ही हात तोंडावर धरले होते. लहानपणी ती त्याच्या खोलीत येऊन कापलेल्या काचेच्या पट्ट्या रंगाप्रमाणे लावत बसायची. सगळ्या गोतावळ्यात त्याला तबकडी न म्हणणारी ती एकटीच. बापाने शिकवलं नसेल म्हणून नाही; ती ते शिकली नाही म्हणून.

“वीतभर मागे,” धाकटा म्हणाला. “उजवा पाय आधी.”

थोरल्याने पाय टेकला. ते आत गेले, वळले. आरशांच्या रांगेत चार धाकटे आणि चार थोरले चार काचा घेऊन एकमेकांकडे न बघता सरकले. चौकटीपाशी आल्यावर थोरल्याने आपलं टोक चौकटीच्या बुडाशी ठेवलेल्या रबरी ठोकळ्यावर अलगद टेकवलं.

“तू वरची कड धर,” तो लेकीला म्हणाला. “नुसता हात लाव. दाबू नकोस.”

तिने हात लावला. आता धाकट्याचं टोक तेवढं उचललेलं होतं. त्याच्याखाली दुसरा ठोकळा सरकवला की काम झालं. ठोकळा घेऊन थोरला गुडघ्यांवर बसला. बसताना कण्हला. ठोकळा ठेवायला एक क्षण पुरतो. धाकटा भार पेलत थांबला.

थोरल्याने ठोकळा ठेवला नाही. डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि उघडा तळवा काचेखालून फिरवू लागला. या टोकापासून त्या टोकाकडे. सावकाश.

धाकटा बघत राहिला.

“झालं बाबांचं सुरू,” भाची म्हणाली. मघाच्या भीतीतून सुटायला तिला काहीतरी बोलायचंच होतं. “काका, घरी हेच. नवं टेबल आणा, कपाट आणा, आरसा टांगा, आधी खालून हात. माझ्या बाळाचा पाळणा आला तेव्हासुद्धा. आई म्हणते, झुरळं शोधतात. मी लहान असताना एकदा विचारलं तर असे डाफरले माझ्यावर, पुन्हा नाही विचारलं.”

“कधीपासून?” धाकट्याने विचारलं.

“मला कळतंय तेव्हापासून.”

तळवा काचेच्या मध्यावर थांबला होता. थोरल्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. धाकट्याने ते इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. म्हणजे रोज. पाळण्याखालीसुद्धा. रोज रात्री घरी जाऊन हा माणूस आपल्या खुर्च्या-टेबलांच्या बुडाखाली हात घालत होता, आणि सकाळी उठून मला वेडा ठरवत होता. आतापर्यंत धाकट्याने कधीकधी, फार थकला की, त्याला एक सूट दिली होती: असेल, नसेल पाहिलं त्याने, विसरला असेल, भीतीने पुसून टाकलं असेल. ती सूट आता त्याने परत घेतली. 

“काय आहे खाली?” त्याने विचारलं.

थोरल्याने मान वर केली.

“काही आहे का? सांगा ना. कशावर उभी आहे?”

“नाही,” थोरला म्हणाला. आवाज इतका हळू की वरची कड धरून उभ्या असलेल्या पोरीला अर्धाच ऐकू गेला असेल. “काही नाही. तेव्हाही नव्हतं.”

रस्त्यावरून एक गाडी गेली. औषधवाला बाहेर कोणाला तरी हातवारे करून मघाचा प्रसंग सांगत होता; भर घालूनच सांगत असणार.

“तेव्हा म्हणजे कधी?” भाचीने विचारलं.



“मोठ्याने बोल,” धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो थोरल्याला ‘तू’ म्हणत होता आणि ते तोंडात परकं लागत नव्हतं. “आता बोललास ते मोठ्याने बोल. तिला सांग. मग बाहेर जाऊन त्या गोळ्या विकणाऱ्याला सांग. मग तुझ्या सगळ्या मुकादमांना सांग. म्हण, वळलो होतो. म्हण, सोडली होती.”

“सोडली?” भाची म्हणाली. “काय सोडली? बाबा?”

 थोरल्याच्या उजव्या हातात ठोकळा होता. तो त्याने उलटसुलट करून पाहिला, जणू त्याची कुठली बाजू वर असते हे विसरला होता. ओठ एकदा हलले. मग मिटले. धाकट्याला ते मिटणं ओळखीचं होतं. मेजवानीत मान ताटात जायच्या आधी ते असेच मिटायचे.

“बोलवत नाही ना?” तो म्हणाला. “जन्मभर माझ्या तोंडाला काळं फासलंस, आणि दोन शब्द बोलवत नाहीत तुला.”

भार आता मनगटांत उतरला होता. बोटांची टोकं बधिर होत होती. तसबिरींच्या काचांनी हातांची ताकद गेली होती, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि त्याचाही दोष त्याने समोरच्याच्या नावावर मांडला.

थोरल्याने ठोकळा फरशीवर, बाजूला ठेवून दिला. दुसऱ्या हाताचाही मोजा काढला. मग दोन्ही उघडे तळवे, एकावर एक, धाकट्याच्या टोकाखाली, जिथे ठोकळा हवा होता तिथे ठेवले. मान खाली घातली.

“सोड,” तो म्हणाला.

“बाबा, ठोकळा राहिलाय, बोटं चिरडतील!” भाची किंचाळली. तिचे हात वरच्या कडेवर अडकलेले होते. “काका!”

 धाकट्याने काचेखालच्या त्या हातांकडे पाहिलं. जुन्या जखमांचे पांढरे व्रण, वाकडं बसलेलं एक नख, आणि मनगटावर थरथरणारी शीर. याच हातांनी त्याचं बोट धरून पहिली काच कापून घेतली होती.

“सोड म्हणतो ना.”

“हात काढ,” धाकटा दात आवळून म्हणाला. काच हलली, त्याने ती पुन्हा वर घेतली, एवढं बळ कुठून आणलं कोण जाणे. “हात काढ, भाऊ. आधी हात काढ. मग सांग तिला.”